बोटभर वाकडी फियाट

॥ श्री ॥

पूर्णगड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दत्तारामास,
गुणाक्काचे अ. उ. आ.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतोस ते मला ऐकू येत नाही आणि मी ओरडते ते तुझ्या शेजाऱ्यांना खपत नाही. मागच्या खेपेला मी नुसतं जेवलास का विचारलं, तर तू म्हणे पोटाची सगळी कहाणी सांगितलीस. माझा रूपेश शेजारी बसून हसत होता. मला एक अक्षर कळलं नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

गणपतीला आला नाहीस, दिवाळीला आला नाहीस. खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणतात चाला, रितेश म्हणतो बाबा चाला, आणि तू मेल्या खाटेवर पडून पंख्याकडे बघत राहतोस. भाविकाने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर डोळे वटारू नकोस, अशी सून दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही.

आता माझं ऐक. यंदा शिमग्याला देवाची पालखी माझ्या दारच्या खळ्यात येईल तेव्हा तू खळ्यात हवास. मला गावातल्या गावात दिलं, तेव्हापासून पालखी माझ्या दारात आली की पुढच्या दांडीला माझा भाऊ, हे सगळ्या वाडीने बघितलं आहे. गेल्या साली तू नव्हतास. मी ओटी भरली, नारळ दिला, आणि घरात जाऊन रडले. पुन्हा तसं मला नको आहे. कसा येणार ते कळव, येणार की नाही ते विचारलेलं नाही.

रूपेशचा तुला नमस्कार. रितेश-भाविकाला आशीर्वाद. माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
गुणाक्का

॥ श्री ॥

लोटे
२३ नोव्हेंबर २०२४

ती. गुणाक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भाविकाने वाचून दाखवलं आणि सुनेच्या कौतुकाची ओळ दोनदा वाचली.

आक्का, हट्ट करू नकोस. एसटीची पायरी माझ्या कमरेएवढी. भाड्याच्या गाड्यांत बसलं की गुडघे कानाला लागतात आणि डायव्हर खड्डा बघून गाडी घालतो. आणि तुझ्यापासून काय लपवायचं? ज्या खळ्यात मी पालखी घेऊन नाचलो, तिथे चार पायांचा वॉकर धरून उभं राहायची मला लाज वाटते. पोरं म्हणतील, हा तोच का दत्तामामा. त्यापेक्षा इथे बरा आहे.

गाडीत बसून यावं अशी आपल्या घराण्यात एकच गाडी होती, ती भावोजींची फियाट. सीट कशी, सोफा! पण वादळात फणस कोसळला तो नेमका तिच्या नाकावर. तेव्हा तिची चौकट सरळ कर, मी तिच्यातून येतो. शब्द दिला. आयुष्यभर मुंबईत डेंटिंगचं काम केलं, म्हणून सांगतो, ती आता सरळ व्हायची नाही आणि मी यायचा नाही. विषय संपला.

तब्येत सांभाळ. रूपेशला आशीर्वाद. धाकट्याचा राग न धरता लोभ आहे तसाच ठेवावा.

तुझा
दत्ताराम

॥ श्री ॥

पूर्णगड
५ डिसेंबर २०२४

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

शब्द दिलास ना? मी तो पदराच्या गाठीला बांधला आहे. आता पळून दाखव.

पत्र आलं त्याच दिवशी रूपेशला सांगितलं, गाडीवरची ताडपत्री काढ. तो म्हणाला, आई, आत विंचू असतील. मी म्हटलं, त्यांनाही लोट्याला पाठवू, मामाला आणायला. ताडपत्री निघाली. आतमध्ये कोंबडीने अंडी घातली होती, बाकी ह्यांची गाडी जशीच्या तशी. इंजिनाचं मला सांगू नकोस, माझा लेक लाँचचं इंजिन भर समुद्रात खोलतो. ते त्याने चार दिवसांत चालू केलं. धूर इतका निघाला की शेजारचा लवू सुतार बादली घेऊन धावत आला.

अडचण तुझ्या त्या चौकटीची. बॉनेटचा पत्रा ठोकून घेऊ, पण खाली इंजिनाला धरणारे जे दोन लोखंडी हात पुढे येतात ना, त्यातला डावा खाली दबला आहे आणि बाहेरच्या अंगाला वळला आहे. मध्ये एक घडी पडली आहे. रूपेश म्हणतो हा कापून नवीन लावू. लवू म्हणतो, होडीची फळी वाकडी झाली तर आपण शेकून वळवतो, तसं तापवू. मी दोघांनाही हात लावू दिलेला नाही. तू सांग. रूपेश फोनवर फोटो पाठवतो म्हणाला.

भाविकाच्या हाताने दोन ओळी तरी लगेच लिही. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला थोडे जास्त.

गुणाक्का

॥ श्री ॥

लोटे
१४ डिसेंबर २०२४

ती. गुणाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लवूला सांग, विस्तवाची काडी जरी गाडीजवळ नेलीस तरी मी तिथे येऊन तुझी हातोडी समुद्रात टाकीन. तापवलं की त्या लोखंडाचा जीव जातो. कापायचंही नाही. आणि फोटो नकोत. फोटोत खड्डा दिसतो, वाक दिसत नाही. मला मापं पाहिजेत.

मी येणार नाही ते नाहीच, पण चुकीचं काम माझ्याने बघवत नाही, म्हणून लिहितो. सोबत भाविकाच्या वहीच्या कागदावर चित्र काढलं आहे. गाडी खळ्यात सपाट जागी ठेवा, चाकं काढून चार ठोकळ्यांवर. खालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांतून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने चार खुणा करा. मग पुढची डावी ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी, असे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले की चौकट सरळ. सोपं वाटतं ना? त्यात माझे केस गेले.

गाडीची मागची बाजू एका माडाला बांधा. पुढचा वाकलेला हात साखळीच्या कप्पीने समोरच्या माडाकडे ओढा. माडाला आधी गोणपाट गुंडाळा, नाहीतर तू वर्षभर मला नारळांचा हिशेब ऐकवशील. लोखंड आपल्या घराण्यातल्या माणसांसारखं असतं, ओढलं की येतं आणि सोडलं की पुन्हा थोडं मागे जातं. म्हणून दोन बोटं हवी असतील तर तीन ओढायची. ताण तसाच ठेवून घडीवर लाकडाचा ठोकळा धरायचा आणि वर हातोडी मारायची, म्हणजे ते आपली नवीन जागा धरतं. साखळीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. तू तर नाहीच, तू पुढे पुढे करतेस.

झालं की आतल्या पोकळीत गॅरेजचं जळकं ऑइल सोडा, म्हणजे गंज धरणार नाही. मापं कळव. कळवलीस म्हणून मी येणार आहे असं नाही. थोरलीची छाया अशीच डोक्यावर असू दे.

दत्ताराम

॥ श्री ॥

पूर्णगड
९ जानेवारी २०२५

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

अरे, सरळ झाली! आणि नाही पण झाली. सगळं सांगते.

रूपेशच्या लाँचवाल्या हुसेनभाईंनी लाँच ओढायची कप्पी दिली. लाँच बंदराला लागली त्या सकाळी रूपेश आणि लवूने गाडी दोन माडांच्या मध्ये बांधली. साखळी ताणली तशी फियाट अशी काही कण्हली की ह्यांची आठवण झाली, पाठ दुखली की ते अस्संच करायचे. रूपेश कप्पी ओढत होता, लवू ठोकळ्यावर हातोडी घालत होता, आणि मी तुझं चित्र धरून लांब उभी राहून दोघांना शिव्या देत होते. हळूहळू ती घडी उलगडली. डोळ्यांदेखत, दत्तू! मला तुझा इतका अभिमान वाटला. इथे नसून तू ती सरळ केलीस.

मग कर्ण मोजले. दोन्ही अगदी सारखे. मी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी चाकं चढवून ओहोटीला गाडी पुळणीवर नेली, कारण रस्त्यावर न्यायची अजून भीती वाटते. रूपेश चालवत होता, मी शेजारी राणीसारखी. गाडी सरळ चालली आहे असं आम्हाला वाटलं. खाली उतरून मागे बघते तर वाळूत चाकांचे चार माग! दोन पुढच्यांचे, दोन मागच्यांचे, वेगवेगळे. तोंड खाडीकडे आणि चालते तिरकी, खेकड्याची जात. वाडीतली माणसं हसून हसून बसली. मापं सारखी आणि गाडी तिरकी, हे कसं रे?

मला दुसरं कोणाला विचारायचं नाही. तूच सांग. सगळ्यांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघणारी,

गुणाक्का

॥ श्री ॥

लोटे
१७ जानेवारी २०२५

ती. गुणाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चार माग! आक्का, मी इतका हसलो की रितेश ड्यूटीवरून येऊन झोपला होता तो उठून आला. पुळणीवर गाडी नेऊन माग बघायचे, हे कोणाला सुचलं? आम्ही गॅरेजमध्ये जमिनीवर पाणी टाकून हेच करायचो. तुम्हाला अख्खा समुद्र मिळाला.

पण मापं सारखी आली यावर माझा विश्वास नाही. परवा खाटेवर बसून विचार करत होतो, मग उठून खिडकीपर्यंत गेलो, मग परत आलो, तेव्हा डोक्यात आलं. मोजलं कशाने? टेप माझ्या चित्रात नव्हता, ती माझी चूक. पण तुमच्या घरात टेप कुठला असायला! जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली असणार. आणि पहिला कर्ण मोजताना रूपेश आणि लवूने दोन टोकं धरली असतील, दुसऱ्याला लवू बिडी ओढायला गेला असेल आणि टोक तू धरलं असशील. तो पैलवान ओढणार आणि तुझ्या हातात संधिवात. नायलॉन तो, जितका ओढाल तितका लांब होतो. माप दोरीचं नाही झालं, मनगटांचं झालं.

बांबूची सरळ कामटी घ्या, दोन जोडून बांधा, तिने मोजा. लाकूड कोणाला बघून लांब होत नाही. फरक कळला की पुन्हा ओढा.

घाई नको, आणि थांबूही नका. असाच जीव लावत राहा, एवढंच मागणं.

दत्ताराम

ता. क. जळकं ऑइल विसरू नका.

॥ श्री ॥

पूर्णगड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

तू माणूस आहेस की देव? लवू बिडी ओढायलाच गेला होता. तो म्हणतो दत्तामामा लोट्याहून बघतो, आता मी आडोशालासुद्धा बसणार नाही.

कामटीने मोजलं तर तीन बोटं फरक निघाला. पुन्हा कप्पी, पुन्हा हातोडी. दोन बोटं निघाली.

तुझ्या त्या जळक्या ऑइलचं मात्र मी केलं नाही, आधीच सांगते. मुंबईच्या गाड्यांना ते ठीक असेल. इथे खारा वारा आहे बाबा. आपल्या होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या मुशी माशाचं तेल लावतो, लाकडाला कीड नाही की खिळ्याला गंज नाही. ते मी स्वतः फनेल लावून दोन्ही बाजूंच्या पोकळीत ओतलं, चांगलं डबाभर. गंज आता जवळ फिरकायचा नाही. मांजरं फिरकतात. वाडीतली सगळी बॉनेटवर बसलेली असतात आणि कावळे टपावर. टेम्पोवर घालून रत्नागिरीला पासिंगला नेली, तर साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण खाली वाकून सगळं नीट तपासलं आणि कागद करून दिले. तेव्हा सरकारने तिला पास केलं आहे. राहिलास तू.

आणि इथे माझं अडलं आहे. अजून एक बोट फरक आहे, दत्तू. लवू म्हणतो आणखी ओढलं तर मागचा वेल्डिंगचा जुना टाका सुटेल. रूपेश मला म्हणाला, आई, मामाला कशाला सांगतेस, सारखे आले म्हणून लिहून टाक. मी म्हटलं, खोटं लिहून भाऊ आणायचा असता तर मी मरायला टेकले म्हणून कळवलं असतं, तू धावत आला असतास. एवढा खटाटोप कशाला केला असता? तू म्हणाला होतास चौकट सरळ झाली तर येतो. ती बोटभर वाकडी आहे. आता तुझा शब्द तुझ्याकडे. नापास म्हणालास तर मी रागावणार नाही. रडेन, पण रागावणार नाही.

होळी तेराला आहे. पालखी त्यानंतर वाडीत येईल. थोरल्या बहिणीची माया माप न लावता स्वीकारावी.

गुणाक्का

॥ श्री ॥

लोटे
३ मार्च २०२५

ती. गुणाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बोटभर फरकाची ओळ वाचली आणि पहिल्यांदा मनात आलं, सुटलो! आता कोणी म्हणणार नाही दत्ताराम शब्दाला जागला नाही. मग चहा पिता पिता माझी मलाच इतकी शरम वाटली की कप खाली ठेवला. सत्तरीची बहीण माझ्यासाठी लोखंड ओढते, खरं माप लिहून पाठवते, आणि मी इथे त्या बोटाच्या आड लपतोय. मला तुझ्या खळ्यात यायचं आहे, आक्का. मला फार भीती वाटते, आणि मला यायचं आहे.

आता डेंटर म्हणून ऐक. गॅरेजमध्ये सूतभर फरक असला तरी मी गाडी मालकाला दिली नाही. शेठ ओरडायचा, मी ऐकलं नाही. हाताखालच्या लोकांनी मला त्यावरून नावं ठेवली. तोच मी, आज बोटभर वाकडी गाडी पास करतो. पास! टायर जरा लवकर झिजतील, तेवढं चालेल. रूपेशला सांग, हळू चालव आणि ओव्हरटेक करू नकोस.

काल दोन जिने उतरून खाली जाऊन आलो. भाविका पुढे आणि वॉकर मागे रितेशच्या हातात, अशी वरात होती. वर येताना तीनदा बसलो. पण आलो.

मुशीचं तेल! डबाभर! अगं, वाडग्यात घेऊन बोळ्याने लावायचं असतं ते. तुला काय बोलू? शिव्या समोर येऊन देईन. तोवर लोभ शिल्लक ठेव.

तुझा
दत्तू

॥ श्री ॥

पूर्णगड
१९ मार्च २०२५

चि. रितेश आणि चि. सौ. भाविका यांस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी खुशाल आहे एवढंच सांगितलं, कारण आक्का मागे उभी राहून ओरडत होती. म्हणून हे पत्र. आता मलाही सवय लागली.

प्रवास चांगला झाला. तुमच्या बिल्डिंगखाली जमलेली मांजरं तुम्ही पाहिलीत, हातखंब्याला चहाला थांबलो तिथे त्याच्या दुप्पट होती. गाडी किंचित डावीकडे ओढते. रूपेश म्हणतो कळतसुद्धा नाही, मला प्रत्येक वळणावर कळत होतं. पण सीट अजून सोफाच आहे.

खरं सांगायचं तर मी एक डाव रचला होता. पालखी येईल तेव्हा गाडीतच बसून राहायचं, काचा वर करून, आतूनच हात जोडायचे. वॉकर कोणाला दिसायला नको. आक्काला म्हटलं, मला खळ्यातल्या गाडीतच बसू दे, तिथे आराम वाटतो. ढोल वाडीत शिरला, सगळं गाव खळ्यात जमलं, आणि वर ऊन असं की पत्रा तापला. पत्रा तापला आणि तुमच्या आत्याचं डबाभर तेल आत उकळायला लागलं. मुशीचा तो वास! माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. एका क्षणी वाटलं, लाजेने मरण बरं की वासाने? दार उघडलं आणि वॉकर घेऊन भर खळ्यात, सगळ्या गावासमोर, शिंकत बाहेर आलो.

ढोल थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. मग लवू, जो पुढच्या दांडीला होता, त्याने काही न विचारता पालखी माझ्यापर्यंत आणली, गुडघ्यात वाकला, आणि दांडी माझ्या खांद्यावर टेकवली. भार त्याने आणि रूपेशनेच धरला होता, मला ठाऊक आहे. पण लाकूड माझ्या खांद्यावर होतं. ढोल पुन्हा सुरू झाला. नाचता आलं नाही, नुसता डोललो, आणि माझा वॉकर तालावर खडक्‌ खडक्‌ वाजत होता. पोरं हसली. हसू देत, मीही हसत होतो. आक्का मात्र ओटीचं ताट घेऊन ढसाढसा रडत होती, आणि वर मलाच ओरडली की तुझ्यामुळे तांदूळ भिजले.

पालखी गेल्यावर मी रूपेशला गाडी ठोकळ्यांवर चढवायला सांगितली. स्टुलावर बसून खालून सगळं बघितलं. तो टाका सुटणार नाही, लवू उगाच घाबरला. ते बोट निघेल, पण ते काम बाहेरच्या हाताचं नाही, मीच करीन. दिवसाला तासभर बसून, पावसाच्या आत होईल. तोवर मी इथेच आहे. आक्काने विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही, पण तिने माझ्यासाठी पडवीत खाट टाकली आहे.

माझ्या खाटेखाली हिरवी पेटी आहे. तिच्यात माझ्या दोन हातोड्या आणि पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे आहेत. रविवारी याल तेव्हा घेऊन या. गोळ्याही संपत आल्या आहेत, त्याही आणा, पण पेटी आधी दाराशी काढून ठेवा.

दोघंही सुखी राहा, आणि म्हाताऱ्यावर जीव असाच असू द्या.

तुमचे
बाबा